सिगारेटच्या पाकिटातला शेव्हरोले

प्रश्न : माझा मुलगा मिशिगनमधल्या फ्लिंट गावाजवळ राहतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो होतो. तिथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात तळव्यावर मावेल एवढं एक रंगीत चित्र मिळालं. चित्रात मोटारशर्यतीतला एक माणूस आणि खाली नाव शेव्हरोले. उलटून पाहिलं, तर मागे मजकूर आणि ‘हसन’ सिगारेटची जाहिरात! माझे काही भाबडे प्रश्न आहेत. मोटारशर्यत आणि सिगारेट यांचं काय नातं? अमेरिकेत हा हसन कुठून आला? अशी चित्रं मुलं जमवायची असं विक्रेता म्हणाला, मग ती सिगारेटच्या पाकिटात कशी? आणि आमच्या तळेगावच्या कारखान्यात ज्या नावाच्या गाड्या बनत, तो शेव्हरोले हाच का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. हो, तोच हा. लुई शेव्हरोले. तुमच्या हातातलं चित्र छापलं गेलं तेव्हा त्याच्या नावाची कंपनी एक तर नव्हतीच, नाहीतर नुकतीच निघत होती. त्या चित्रात उद्योगपती नाही, पगारी ड्रायव्हर आहे.

हे कार्ड पंचवीस कार्डांच्या एका संचातलं. अमेरिकन टोबॅको कंपनीने तो १९१०–११ च्या सुमारास काढला आणि ‘हसन’ व ‘मेक्का’ या आपल्या दोन सिगारेटींच्या पाकिटांतून वाटला. संग्राहक या संचाला ‘टी ३६’ म्हणतात. हा क्रमांक कुठून आला ते पुढे सांगतो. शेव्हरोलेबरोबर यात राल्फ डी पाल्मा आहे, बॉब बर्मन आहे. त्या काळातल्या अमेरिकी पोरांना ही नावं आपल्याकडच्या पोरांना सलामीच्या फलंदाजांची असतात तशी तोंडपाठ होती.

आता पाकिटाकडे वळू. १८८० च्या आधी सिगारेट हाताने वळली जाई. व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर या कंपनीने सिगारेट वळणारं यंत्र करून देणाऱ्यासाठी बक्षीस जाहीर केलं आणि जेम्स बोन्सॅक नावाच्या तरुणाने ते केलं. पेटंट १८८१ चं. दहा तासांत सुमारे १,२०,००० सिगारेटी ते यंत्र वळून टाकी. गंमत म्हणजे बक्षीस लावणाऱ्या कंपनीने ते अखेर नाकारलं आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या जेम्स ड्यूकने उचललं. माणसाने वळलेली सिगारेट लोकांना जास्त आवडते, अशी जुन्यांची समजूत होती. ड्यूकला समजुतींशी देणंघेणं नव्हतं. त्याची अडचण वेगळीच: इतका माल ओढणार कोण?

त्या काळची पाकिटं कागदी आणि मऊ. खिशात ठेवलं की सिगारेटी चेपायच्या. म्हणून आत एक पुठ्ठ्याचा तुकडा सरकवत. तो कोरा ठेवण्यापेक्षा त्यावर चित्र छापावं, ही कल्पना कुणालाही सुचली असती. त्याला क्रमांक देऊन पन्नासाचा संच करण्याची कल्पना मात्र खऱ्या व्यापाऱ्याची. एक चित्र फुकट मिळालं की ती भेट होते. पन्नासांतलं सतरावं मिळालं की उरलेल्या एकोणपन्नासांची रुखरुख लागते. ॲलन अँड गिंटरने १८८७ मध्ये जगज्जेत्या खेळाडूंचा संच काढला. त्यात बेसबॉलपटू होते, मुष्टियोद्धे होते, नेमबाज होते. नट्या, पक्षी, झेंडे, राजेमहाराजे यांचेही संच निघाले. ड्यूकने तर चित्रांवर आणि जाहिरातींवर इतका पैसा ओतला की बाकीचे मेटाकुटीला आले. १८९० मध्ये पाच मोठ्या कंपन्या एकत्र होऊन अमेरिकन टोबॅको कंपनी झाली आणि तिचा अध्यक्ष झाला ड्यूक. स्पर्धा संपली तशी चित्रंही आटली. प्रतिस्पर्धीच उरला नाही, तर लाच कशाला द्यायची?

चित्रं परतली ती १९०९ च्या सुमारास, हसनबरोबर. तेव्हा अमेरिकेत तुर्की तंबाखूची हवा होती. ऑटोमन साम्राज्यातून येणारा सुवासिक बारीक पानांचा तंबाखू घातला की सिगारेटला रुबाब येई, आणि रुबाबाला शोभेल असं नाव हवं. म्हणून हसन, मेक्का, फातिमा, मुराद, ओमर. या हसनचा तुर्कस्तानशी संबंध पानांपुरता. सिगारेट बनायची अमेरिकेतच. नाव मक्केचं, चित्र मोटारीचं आणि गिऱ्हाईक ब्रुकलिनचं. त्या गिऱ्हाइकाला यात काही खटकल्याचं दिसत नाही. याच हसनच्या पाकिटांतून उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमांची चित्रं आली, अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या जीवनाची आली, मुष्टियोद्ध्यांची आली. एव्हाना पाकीट पुठ्ठ्याच्या सरकत्या डबीचं झालं होतं. सिगारेटींना आधाराची गरज उरली नव्हती. तरी चित्र राहिलं, कारण आता सिगारेटीच त्याच्या आधाराने उभ्या होत्या.

मोटारशर्यत या यादीत का आली? कारण ती त्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतली सगळ्यात नवी आणि सगळ्यात भीतीदायक करमणूक होती. १९१० मध्ये देशाची लोकसंख्या नऊ कोटींच्या वर आणि नोंदलेल्या मोटारी पाच लाखांच्या आत. म्हणजे बहुतेकांनी मोटार लांबून पाहिलेली. अशा वेळी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर विल्यम व्हँडरबिल्ट या कोट्यधीशाने १९०४ पासून गावच्या सार्वजनिक रस्त्यांवर शर्यती भरवल्या. पहाटेपासून लोक रस्त्याच्या कडेला उभे राहत, आणि कडेला म्हणजे अगदी कडेला. गाडी येताना मागे सरायचं आणि गेली की पुन्हा पुढे, एवढाच बंदोबस्त. पहिल्या शर्यतींत युरोपी गाड्या जिंकत. १९०८ मध्ये जॉर्ज रॉबर्टसनने लोकोमोबिल ही अमेरिकी बनावटीची गाडी पहिली आणली, तेव्हा कुठे देशी अभिमान जागा झाला. देशी अभिमान जागा झाला की सिगारेटवाला लगेच जागा होतो.

१९०९ मध्ये इंडियानापोलिसला कार्ल फिशर आणि त्याच्या भागीदारांनी अडीच मैलांची बंदिस्त धावपट्टी बांधली. पहिल्याच ऑगस्टमध्ये खडी आणि डांबर उखडून पाच जण मेले, त्यात दोन प्रेक्षक. फिशरने हात टेकले नाहीत. सगळी पट्टी बत्तीस लाख विटांनी फरसबंद करून घेतली.

शर्यतीच्या गाडीत तेव्हा दोघे बसत. एक चालवी आणि दुसरा मेकॅनिक. त्याने हाताने तेलाचा पंप मारायचा, टायरवर नजर ठेवायची, मागून कोण येतंय ते सांगायचं आणि चाक फुटलं तर उडी मारून बदलायचं. डोक्यावर फार तर कापडी टोपी, पट्टा वगैरे काही नाही. गाडी उलटली की दोघांचं भवितव्य सारखंच. कार्डावर नाव मात्र एकाचंच. मला या संचातली ही सर्वांत बोचरी बाब वाटते: संचाला नाव ड्रायव्हरांचं, चित्रं ड्रायव्हरांची. तेलाच्या पंपावर बसलेल्या माणसासाठी पंचविसांत जागा नाही.

डी पाल्माचंच बघा. १९१२ च्या इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत २०० फेऱ्यांपैकी १९६ फेऱ्या तो आघाडीवर होता. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना त्याच्या मर्सिडीजचं इंजिन मोडलं. तो आणि रूपर्ट जेफकिन्स हा त्याचा ऑस्ट्रेलियन मेकॅनिक, दोघेही उतरले आणि हजारो लोकांसमोर ती अवजड गाडी ढकलत नेली. शर्यत ज्यो डॉसनने जिंकली. लोकांनी लक्षात ठेवलं ते ढकलणाऱ्यांना. डी पाल्मा १९१५ मध्ये जिंकलाही, आणि मुख्य म्हणजे म्हातारा होऊन १९५६ मध्ये गेला. या पंथात ते सोपं नव्हतं.

बर्मनच्या नशिबात ते नव्हतं. २३ एप्रिल १९११ रोजी फ्लोरिडातल्या डेटोनाच्या वाळूवर त्याने ब्लिट्झेन बेन्झ ही जर्मन गाडी ताशी १४१.७ मैलांनी, म्हणजे सुमारे २२८ किलोमीटरनी पळवली. तेव्हाच्या विमानांनाही तो वेग झेपत नव्हता. पाच वर्षांनी, एप्रिल १९१६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या कोरोना गावच्या वर्तुळाकार रस्त्यावर त्याची गाडी उलटली. तो गेला, शेजारी बसलेला मेकॅनिक एरिक श्रोडर गेला आणि बंदोबस्ताचा एक माणूसही. बर्मनचा मित्र आणि नामांकित ड्रायव्हर बार्नी ओल्डफील्ड याने त्यानंतर हॅरी मिलरकडून चारी बाजूंनी बंद अशी शर्यतीची गाडी बांधून घेतली. लोक तिला सोनेरी पाणबुडी म्हणत.

आणि तुमचा शेव्हरोले. जन्म स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फाँचा, १८७८ मधला नाताळाचा दिवस. मोठा झाला फ्रान्समध्ये, अमेरिकेत आला १९०० च्या सुमारास. १९०५ मध्ये न्यूयॉर्कला फियाट चालवताना त्याने ओल्डफील्डला हरवलं आणि तो एकदम वर्तमानपत्रांत आला. पुढे ब्युइक कंपनीच्या विल्यम ड्युरंटने त्याला आपल्या शर्यतीच्या चमूत घेतलं. बर्मनही त्याच चमूत. ब्युइकचं गाव फ्लिंट. तेव्हा तुमचं कार्ड तिथे सापडलं यात योगायोग असेलही, पण फार मोठा नाही. १९०९ मध्ये इंडियानातल्या क्राउन पॉइंटची कोब ट्रॉफी शेव्हरोलेने ब्युइकमध्ये जिंकली. नोव्हेंबर १९११ मध्ये ड्युरंटने नवी कंपनी काढली आणि तिला या लोकप्रिय ड्रायव्हरचं नाव दिलं. शेव्हरोलेला मोठी, दणकट, महाग गाडी हवी होती. ड्युरंटला फोर्डशी टक्कर देणारी स्वस्त. दोन वर्षांत फाटलं.

फाटण्याचा जो किस्सा अमेरिकेत सांगतात तो तुमच्या कार्डाशी जुळतो. शेव्हरोलेच्या ओठांत सदा सिगारेट लटकलेली असे. ड्युरंटने त्याला सुनावलं म्हणे, की आता तू कंपनीचा बडा माणूस, सिगारेट शोभत नाही, सिगार ओढत जा. यावर शेव्हरोलेने उत्तर दिलं, की गाडी विकली, नाव विकलं, पण मी स्वतः विकायला नाही. किस्सा घासूनपुसून चकचकीत झालेला आहे, त्यामुळे त्यातला शब्द न् शब्द खरा मानू नये. भांडण खरं, आणि सिगारेटही खरीच. तो बाहेर पडला. नाव ड्युरंटकडे राहिलं आणि पुढे जनरल मोटर्सकडे गेलं. त्या नावाच्या कोट्यवधी गाड्या विकल्या गेल्या. शेव्हरोलेने नंतर स्वतः शर्यतीच्या गाड्या बांधल्या. इंडियानापोलिसला १९२० मध्ये जिंकलेली आणि १९२१ मध्ये जिंकलेली, दोन्ही गाड्या त्याच्याच. १९२० चा विजेता त्याचा धाकटा भाऊ गॅस्टन. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या लाकडी धावपट्टीवर तो अपघातात गेला. लुई १९४१ मध्ये गेला, तेव्हा हाती फारसा पैसा नव्हता. इंडियानापोलिसमध्येच त्याला पुरलं आहे.

तुम्ही तळेगाव म्हणालात, पण हे नाव आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी आलं. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला. डिसेंबरमध्ये तिथून बाहेर पडलेली पहिली गाडी शेव्हरोलेच होती. तेव्हा लुई जिवंत होता. शिवडीच्या गाडीचा एक सेंटही त्याला मिळाला नाही. तो कारखाना १९५४ मध्ये बंद पडला. तुमचा तळेगावचा सुरू झाला २००८ मध्ये, आणि २०१७ अखेर कंपनीने भारतात गाड्या विकणंच थांबवलं.

आता मुलांचा मुद्दा. विक्रेता खरं बोलला. पाकीट विकत घ्यायचा तो बाप, मामा किंवा रस्त्यावरचा अनोळखी माणूस. कार्ड जायचं पोरांकडे. तंबाखूच्या दुकानाबाहेर पोरं उभी राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे चित्र मागत. कंपनीला ते पक्कं ठाऊक होतं. घरातलं पोरगं बापाला विशिष्ट छापाचीच सिगारेट घ्यायला लावतं, ही जाहिरात कोणत्याही वर्तमानपत्रात मिळाली नसती, आणि आजचं ते पोरगं उद्याचं गिऱ्हाईक, हा हिशेबही त्यात होताच. यात काही निरागस होतं असं मला वाटत नाही. चित्रं सुंदर आहेत, दगडी छापाचे रंग शंभर वर्षांनीही टवटवीत आहेत, आणि ती मुलांना तंबाखूच्या दुकानाशी आणून उभी करण्यासाठी काढलेली आहेत.

हा खेळ संपला कसा, ती गोष्ट रंजक आहे. २९ मे १९११ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकन टोबॅको कंपनीला बेकायदा मक्तेदारी ठरवून तिचे तुकडे करण्याचा हुकूम दिला. दुसऱ्याच दिवशी, ३० मेला, इंडियानापोलिसच्या विटांवर पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली. चाळीस गाड्या सुटल्या. बर्मन होता. डी पाल्माही होता. तो सहावा आला. जिंकला रे हॅरून, ६ तास ४२ मिनिटांत. त्याच्या गाडीत मेकॅनिकच नव्हता. मागचं बघणार कोण, अशी इतरांनी तक्रार केली म्हणून त्याने समोर एक आरसा लावला होता. विटांवरून गाडी इतकी हादरत होती की त्या आरशात काही दिसलंच नाही, असं त्याने पुढे सांगितलं. त्याच शर्यतीत सॅम डिक्सन हा दुसऱ्या एका गाडीतला मेकॅनिक मेला.

म्हणजे एका बाजूला हे ड्रायव्हर देशभर गाजायला लागले आणि दुसऱ्या बाजूला त्यांची चित्रं वाटणारी कंपनी मोडली. मोडलेल्या तुकड्यांपैकी एक आर. जे. रेनॉल्ड्स. सुटका झालेल्या रेनॉल्ड्सने १९१३ मध्ये ‘कॅमल’ आणली आणि पाकिटावरच छापलं, की आत भेटवस्तू किंवा कुपन शोधू नका, तंबाखूच इतका भारी आहे की ते परवडत नाही. चित्र नाही, हीच जाहिरात! ती प्रचंड चालली. तुर्की नावं मागे पडली आणि पाकिटातल्या चित्रांचे अमेरिकेतले दिवस भरले. उंट तेवढा पूर्वेकडचा उरला.

ब्रिटनमध्ये मात्र हे वेड आणखी पाव शतक टिकलं. लँबर्ट अँड बटलरने १९०८ मध्येच मोटारींचा पंचवीस कार्डांचा संच काढला होता. ऑग्डेन्सने १९३१ च्या मोटारशर्यतींचा पन्नासाचा काढला, चर्चमनने १९३९ मध्ये वेगाच्या राजांचा. १९४० मध्ये युद्धामुळे कागदाची टंचाई झाली आणि ते थांबलं. यातली ऑग्डेन्स ही कंपनी ड्यूकने १९०१ मध्ये विकत घेऊन ब्रिटिशांच्या घरात पाय रोवला होता. ब्रिटिश कंपन्या एकवटल्या, भांडल्या, आणि १९०२ मध्ये तह झाला: तुमचा देश तुम्हाला, आमचा आम्हाला, बाकीच्या जगासाठी एक सामाईक कंपनी. तिचं नाव ब्रिटिश अमेरिकन टोबॅको. बाकीच्या जगात आपण होतो. १९१० मध्ये कोलकात्यात स्थापन झालेली इंपीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया ही त्याच तहाची नात. आज तिला आपण आयटीसी म्हणून ओळखतो.

प्रश्न : माझ्या कार्डाची किंमत किती असेल? खरं की नकली कसं ओळखावं? लॅमिनेशन करून फ्रेम करावी असा सूनबाईंचा आग्रह आहे.
— तेच वाचक, त्याच पत्रात, ताजा कलम म्हणून

उत्तर : तंबाखूच्या कार्डांच्या किमतीचा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यांसमोर होनस वॅग्नर येतो. हा बेसबॉलपटू अमेरिकन टोबॅको कंपनीच्याच १९०९–११ च्या संचात होता आणि त्याने आपलं चित्र थांबवायला लावलं. मुलांनी तंबाखू घ्यावा हे त्याला पटलं नाही असं काही म्हणतात, मानधनाचा वाद होता असं काही. फार थोडी कार्डं बाहेर पडली. त्यांतलं एक २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरला विकलं गेलं. मोटारड्रायव्हरांच्या संचात असा कुणी रुसलेला नाही, त्यामुळे तळेगावला बंगला बांधण्याचे बेत तूर्त नकोत. शेव्हरोलेला मात्र कार्ड जमवणारे आणि मोटारवेडे असे दोन्हीकडचे गिऱ्हाईक मिळतात, एवढं लक्षात असू द्या.

अस्सलपणा तपासायला दहापट भिंग पुरे. चित्रावर बघू नका, अक्षरांवर बघा. जुन्या छापात अक्षराची शाई सलग भरलेली दिसते. हल्लीच्या नकलेत मूळ कार्डाचा फोटो काढून छापलेला असतो, म्हणून अक्षरंसुद्धा बारीक रंगीत ठिपक्यांत फुटतात. कार्ड शुभ्र, कोपरे धारदार आणि किंमत फारच परवडणारी असेल, तर संशय घ्यायला भिंगही नको.

आता तो ‘टी ३६’. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजला जेफरसन बर्डिक नावाचा एक कामगार होता. सांधेदुखीने बोटं आखडत चाललेली, पगार साधा. त्याने अमेरिकेतल्या सगळ्या कार्डांची वर्गवारी केली: एकोणिसाव्या शतकातला तंबाखू म्हणजे ‘एन’, विसाव्या शतकातला म्हणजे ‘टी’. तीन लाखांहून अधिक कार्डं आणि छापील कागद त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकले, आणि स्वतः तिथे वर्षानुवर्षं जाऊन ते वह्यांमध्ये चिकटवले. जानेवारी १९६३ मध्ये काम संपलं, मार्चमध्ये तो गेला. आज लिलावात लाखो डॉलर मोजणारे त्याचेच क्रमांक वापरतात. म्युझियमने त्याच्या संग्रहाचा मोठा भाग संकेतस्थळावर ठेवला आहे, तेव्हा तुमचं कार्ड ताडून बघायला पुन्हा अमेरिका गाठायला नको.

सूनबाईंना सांगा, लॅमिनेशन मुळीच नको. गरम प्लॅस्टिक कागदाला कायमचं चिकटतं, आणि त्यानंतर कोणताही संग्राहक त्या कार्डाला हात लावत नाही. नाणी आणि टपाल तिकिटांच्या दुकानात आम्लविरहित पारदर्शक पाकिटं मिळतात, त्यात ठेवा. फ्रेम करायचीच असेल तर कार्डाची रंगीत प्रत काढून ती भिंतीवर लावा. उन्हात रंग उडाले तर प्रतीचे उडतील. आणि पावसाळ्यात मूळ कार्ड कपाटाच्या तळाशी ठेवू नका, चिंचवडची ओल न्यूयॉर्कच्या पुठ्ठ्याला मानवत नाही.